रुईवरच्या अळ्यांना जाळी लावा, स्प्रे नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा आला की आम्हाला ओळखीचे दोघं-तिघं हमखास विचारतात, रुईवर अळ्या होत्या, छान धष्टपुष्ट, कोष पण झाले आणि मग काळे पडले, फुलपाखरू काही आलंच नाही. आमच्या इंदूरच्या एका नर्सरीवाल्या भैयाने तर सरळ औषधाची बाटलीच हातात ठेवली, म्हणे मारा, अळ्यांना संपवणाऱ्या माश्या मरतील. अहो पण माशीबरोबर अळी पण मरणार ना, ती काय वेगळ्या मातीची आहे का!

नेटवर शोधलं की सगळी माहिती मोनार्क फुलपाखराची येते, तो तिकडे कॅनडा-अमेरिकेतून मेक्सिकोच्या डोंगरांत जाणारा, आपल्याकडे नाही. आपल्या रुईवर असतो तो त्याचा भाऊबंद प्लेन टायगर. अळ्या जवळपास सारख्याच दिसतात, फक्त आपल्याच्या अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या आणि मोनार्कला दोन. माशीचा त्रास मात्र दोघांना सारखाच. घरमाशीसारखीच दिसते पण अंगावर राठ केस, टॅकिनिड म्हणतात. कुठली अळीच्या अंगावर अंडी चिकटवते, कुठली पानावर बारीकशी टाकते आणि अळी पानाबरोबर खाऊन टाकते. आत वाढलेला किडा मग अळीतून नाहीतर कोषातून बाहेर पडतो, पांढरा धागा लोंबत राहतो आणि खाली थोड्या वेळात तपकिरी गोळी, म्हणजे माशीचा कोष. रेशीमवाल्यांना हे नवीन नाही, त्यांची उझी माशी याच खानदानातली, ते शेडला जाळ्या लावतात.

तेच आपण करायचं. अळी मोठी झाल्यावर आत आणून उपयोग नाही, तोवर माशीने काम उरकलेलं असतं. अंडं असतानाच पानासकट आणा, तीन-चार दिवसांत अळी निघते, आणि जेवण झाकायच्या जाळीत नाहीतर जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यात ठेवा. पानं रोज ताजी, आणि आधी ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसून, विष्ठा रोज काढायची, एका जाळीत गर्दी नको, नाहीतर माशीपासून वाचतील आणि रोगाने जातील. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार वाईट, माझा एकदा हात लागून अख्खा दिवस डोळा सुजला होता. आणि कोष गडद झाला की घाईघाईत फेकू नका हां, फुलपाखरू निघायच्या आधी चांगला कोष पण असाच दिसतो, आतले पंख दिसतात म्हणून.

माशीवर राग मलाही येतो, पण याच खानदानातल्या माश्या हरभऱ्यावरची घाटेअळी पण मारतात आणि आपल्या माळव्यात हरभरा किती होतो ते सांगायला नको. म्हणून मी पाच-सहा अळ्या जाळीत ठेवते, बाकी झाडावर, ते त्यांचं ते बघून घेतील.

एक राहिलंच, शनिवारी मारुतीच्या हारासाठी रुईची पानं तोडाल तर आधी उलटून बघा, मागच्या बाजूला खसखशीएवढं पांढरट अंडं असतं, ते पान तेवढं राहू द्या.

एक वाचक, इंदूर