नकार द्यावा, पण ऐकलेले चारचौघांत नेऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की विदर्भात परिचय मेळाव्यांना सुरुवात होते. मंगल कार्यालयांत खुर्च्या मांडल्या जातात, परिचय पुस्तिकांचे गठ्ठे छापून येतात आणि मुलामुलींचे आईवडील हातात बायोडाटा घेऊन एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे फिरू लागतात. नागपुरातील एका समाजमंडळाच्या वधू-वर सूचक विभागात मी बरीच वर्षे नोंदणीचे काम पाहते. या कामात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट हुंड्याइतकी चर्चेत नसते, परंतु संसार मोडण्यात तिचा वाटा मोठा असतो. लग्न जमवताना होणारी लपवाछपवी, आणि त्याहूनही अधिक, माणसांना लपवायला भाग पाडणारी आपली ऐकून घेण्याची रीत, याविषयी मला लिहायचे आहे.

शंभर खोटे बोलावे पण एक लग्न जमवावे, असे जुनी माणसे सहज म्हणून जातात. यात कुणाला काही वावगे वाटत नाही, कारण खोटे बोलणारे आणि त्याची किंमत मोजणारे एक नसतात. बोलतात मामा, काका, मध्यस्थ. निस्तरावे लागते नवरा-बायकोला. कित्येकदा तर मुलाला किंवा मुलीला आपल्या वतीने काय सांगितले गेले आहे, याचा पत्ताच नसतो आणि साक्षगंध झाल्यावर, पत्रिका वाटून झाल्यावर ते कानावर येते. तेव्हा तोंड उघडले तर दोन्ही घरांची बेअब्रू, आणि न उघडले तर पहिल्या दिवसापासून मनात भीती.

नोंदणीच्या अर्जाकडे पाहिले तरी आपण कशाला महत्त्व देतो ते कळते. उंची, वर्ण, शिक्षण, गोत्र, रास, गण, नाडी, मामांचे आडनाव, शेती किती, घर स्वतःचे की भाड्याचे, आणि शेवटी ‘अपेक्षा’. नियमित औषधे चालू आहेत का, डोक्यावर कर्ज किती, नोकरी कायम आहे की कंत्राटी, हे विचारणारा रकाना बहुतेक अर्जांत नसतो. जे विचारलेच नाही ते सांगितले नाही तर खोटे कसे, असा युक्तिवाद मग दोन्ही बाजूंना सोयीचा होतो.

एका आईने मुलीचा अर्ज भरताना माझ्याकडे वाकून हळूच सांगितले, “ताई, तिला लहानपणापासून मिरगी आहे, पण ते नका लिहू. गोळीवर ठीक आहे. लग्न झालं की सारं बरोबर होते.” त्या आईच्या मनात कपट नव्हते, भीती होती. मी तिला समजावले, परंतु पुढची बोलणी मंडळाबाहेर नातेवाइकांमार्फत झाली आणि आजाराची गोष्ट कुणी काढली नाही. लग्नघरात हळदीपासून जागरणे सुरू होतात. अपुरी झोप आणि चुकलेली गोळी ही फिट येण्याची दोन अगदी नेहमीची कारणे आहेत. त्या मुलीने गोळ्यांचे पाकीट बांगड्यांच्या डब्यात तळाशी ठेवले होते आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात तो डबा उघडायला तिला एकांत मिळाला नाही. सत्यनारायणाच्या पूजेच्या दिवशी, नवऱ्याशेजारी पाटावर बसलेली असताना, तिला फिट आली. सासरच्यांना आजाराचा जेवढा धक्का बसला नाही, तेवढा आपल्याला अंधारात ठेवल्याचा बसला. आपण हे आधी ऐकले असते तर काय उत्तर दिले असते, हा प्रश्न मात्र त्या घरात कुणी स्वतःला विचारला असेल असे मला वाटत नाही.

अपस्माराच्या, म्हणजे मिरगीच्या, दहापैकी सुमारे सात रुग्णांच्या फिट योग्य औषधांनी आटोक्यात राहू शकतात. काही औषधे मात्र गरोदरपणात बाळाला अपायकारक ठरू शकतात, म्हणून मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांना विचारून औषध बदलून घ्यावे लागते. ज्या घरात आजारच लपवलेला आहे, तिथे हा विचार करणार कोण? लपवण्याने आजार जात नाही, उपचार तेवढा थांबतो. कायद्याने आपली भूमिका केव्हाच बदलली आहे. हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने काढला गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये हा आजार असाध्य नाही आणि त्यावरून घटस्फोट मागता येणार नाही, असे स्पष्ट केले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये कायद्यातून वगळले गेले. कायदा इतका पुढे आला. बैठकीच्या खोलीत चहा घेणारे पाहुणे अजून यायचे आहेत.

हाच कायदा फसवणुकीच्या बाबतीत मात्र कठोर आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार, दुसऱ्या पक्षाविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणुकीने संमती घेतली असेल तर विवाह रद्द करून मागता येतो. त्यासाठी फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि कळल्यानंतरही स्वखुशीने एकत्र संसार केला असेल तर हा मार्ग बंद होतो. कोणती गोष्ट महत्त्वाची, हे न्यायालय त्या त्या प्रकरणात ठरवते. प्रत्येक थाप त्यात बसत नाही. पण ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांतली बरीच माणसे सहा-आठ महिने ‘घरातली गोष्ट घरात’ म्हणून गप्प बसतात, तोवर मुदत संपत आलेली असते.

आमच्या भागात याहूनही मोठा विषय सिकलसेलचा आहे. विदर्भातील आदिवासी आणि इतरही अनेक समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. वाहक, म्हणजे या आजाराचे जनुक एकाच पालकाकडून आलेली व्यक्ती, बहुधा निरोगी आयुष्य जगते. परंतु पतिपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिच्यात तपासणी झालेल्यांना कार्ड देण्याची योजना आहे; लग्नापूर्वी दोघांनी आपापली स्थिती एकमेकांना दाखवावी हा तिचा एक उद्देश आहे. प्रत्यक्षात हे कार्ड कपाटात राहते आणि पत्रिका तेवढी बाहेर येते. गुणमेलनात ३६ पैकी ८ गुण एकट्या नाडीला दिले जातात आणि एक नाडी आली तर संततीला धोका म्हणून चांगली स्थळे परत पाठवली जातात. संततीची एवढी काळजी असलेल्या घरांनी रक्ताच्या एका साध्या तपासणीविषयी विचारण्यास का लाजावे, हे मला कळत नाही. लाजण्याचे कारण एकच दिसते. मुलगी वाहक आहे असे एकदा गावात कळले, की तिच्या धाकट्या बहिणींचीही स्थळे येणे थांबते.

मुलांच्या बाजूने लपवले जाते ते बहुधा नोकरी आणि कर्जाबाबत. कंत्राटी कामगार ‘कंपनीत परमनंट’ होतो, घरची शेती सांभाळणारा मुलगा चार महिने पुण्याला भाड्याच्या खोलीत राहून ‘पुण्याला जॉबला’ होतो आणि लग्न आटोपले की गावी परततो. शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत, हे दुःख खरे आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता, तो याच व्यथेतून. पण मुलीने शहरात संसार थाटायचा म्हणून आपली नोकरी सोडावी, आणि लग्नानंतर तिला कळावे की शहरातली खोली महिन्याअखेर सोडायची आहे, हा त्या दुःखावरचा उपाय नव्हे. अशा संसारात नवरा पुढे कितीही चांगला वागला तरी बायको त्याचे प्रत्येक वाक्य पडताळून पाहते. पगार झाला म्हटले तरी ती बँकेचा मेसेज मागते. तिला संशयी म्हणणे सोपे आहे. तो संशय तिने माहेराहून आणलेला नसतो.

काही गोष्टी तर घरातच दाबल्या जातात. मुलीचे कुणावर प्रेम आहे हे आईला ठाऊक असते, जात वेगळी असते, म्हणून घाईने दुसरे स्थळ पाहिले जाते आणि पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीने खाली मान घालून ‘पसंत आहे’ म्हणावे अशी तजवीज होते. समोर बसलेल्या मुलाचा यात काय अपराध? त्याला पसंत केलेले नाही, हे त्या खोलीत त्याच्याखेरीज सर्वांना माहीत असते. आपली मुले आपल्याशी खोटे बोलतात अशी तक्रार करणाऱ्या पालकांना मी नेहमी विचारते, की मुलाने शेवटचे काही खरे सांगितले तेव्हा घरात काय झाले होते. ज्या घरात खरे सांगितल्याबरोबर फोन काढून घेतला जातो, कॉलेज बंद होते, तिथली मुले खोटे बोलायला घरातच शिकतात आणि तीच सवय पुढे संसारात घेऊन जातात.

माझे म्हणणे इथेच आहे. खरेपणाची सारी जबाबदारी आपण सांगणाऱ्यावर टाकतो. ऐकणाऱ्याने काय करावे, याचा विचार होत नाही. एखाद्या कुटुंबाने धीर करून आजार, कर्ज किंवा मोडलेला पहिला साखरपुडा सांगितला, तर त्याचे फळ त्याला काय मिळते? नकार मिळतो, आणि नकार देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहेच. पण त्यासोबत ती गोष्ट आठ दिवसांत साऱ्या नात्यागोत्यात पसरते. “आम्ही म्हणून वाचलो,” असे सांगत ती फिरवली जाते. पुढच्या वेळी ते कुटुंब गप्प बसते, आणि त्याचे पाहून आणखी दहा कुटुंबे गप्प बसतात. म्हणजे फसवल्या गेलेल्या प्रत्येक घरामागे, कुणीतरी पूर्वी विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड्यावर मांडणारे एखादे घर असते.

सर्व काही सांगितलेच पाहिजे, असे मात्र मी म्हणत नाही. संपलेली मैत्री, जुने प्रेम, कुणाची जुनी पत्रे हा ज्याचा त्याचा खासगी ठेवा आहे. तो समोरच्याने खोदून काढू नये. आपले मन अजून दुसरीकडे गुंतलेले असेल तर ते सांगायलाच हवे, कारण त्यावर समोरच्याचे पुढचे आयुष्य ठरणार असते. आजार, मूल होण्यातील अडचण, कर्ज, नोकरीचे खरे स्वरूप, पूर्वीचा विवाह, चालू असलेला खटला, व्यसन आणि लग्नानंतर कोण कुठे राहणार, एवढ्या गोष्टी साक्षगंधापूर्वी बोलल्या गेल्याच पाहिजेत. आणि त्या मध्यस्थामार्फत नव्हे, मुलाने मुलीशी आणि मुलीने मुलाशी बोलल्या पाहिजेत. मध्यस्थाच्या तोंडी गेलेली गोष्ट हमखास गुळगुळीत होऊन पोहोचते.

हे झाले नाही, तर काय होते ते आता न्यायालयांत दिसते आहे. पत्नीच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून दाखल करता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. अशा मुभेमुळे घराघरांत पाळत सुरू होईल, या भीतीवर न्यायालयाने म्हटले की, पतिपत्नी एकमेकांवर पाळत ठेवण्याच्या थराला आले असतील, तर ते नाते आधीच तुटल्याचे लक्षण आहे आणि त्यांच्यात विश्वास उरलेला नाही. निकालाच्या कायदेशीर बाजूवर मतभेद असू शकतात. त्यातले निरीक्षण मात्र मला आमच्या टेबलावरून रोज पटते. फेरविवाहासाठी नाव नोंदवायला येणारी तरुण मुले-मुली मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगविषयी, स्क्रीनशॉटविषयी ज्या सहजतेने बोलतात, ती ऐकून काळजात चर्र होते. बहुतेकांच्या कथेत पहिला स्क्रीनशॉट काढला गेला त्याच्या कितीतरी आधी, बोलण्यांच्या वेळीच, काहीतरी दडवले गेलेले असते.

राज्यात विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी यांसाठी १९९८ चा कायदा आहे, परंतु मंडळांनी स्थळांची माहिती कशी जपावी हा प्रश्न मुख्यतः मंडळांच्या सदसद्विवेकावरच चालतो. म्हणून माझी सर्व मंडळांना विनंती आहे, की आजार आणि कर्जाची माहिती पुस्तिकेत छापू नये, मात्र दोन्ही बाजूंना स्थळ पसंत पडल्यावर मुलामुलीला स्वतंत्र खोलीत, वडीलधाऱ्यांशिवाय, निवांत बोलू द्यावे आणि वर सांगितलेल्या बाबींची यादी त्यांच्या हाती द्यावी. विदर्भातील मंडळांनी सिकलसेल तपासणीचा कागद पत्रिकेसोबत मागावा. आणि एखाद्या कुटुंबाने दुसऱ्यांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फोडली असे आढळले, तर त्या घराची पुढची नोंदणी घेऊ नये. हा शेवटचा नियम कडक वाटेल, पण त्यावाचून बाकीचे निरुपयोगी आहेत.

आपल्या वृत्तपत्रात दर रविवारी वधू-वर जाहिरातींचे पान असते. त्या पानाच्या माथ्यावर दोन ओळी कायम छापाव्यात, अशी आपल्याला नम्र विनंती आहे: ‘आजार, कर्ज, नोकरीचे स्वरूप व पूर्वविवाह यांविषयी साक्षगंधापूर्वी वधू-वरांनी समोरासमोर बोलावे. स्थळ नाकारल्यास ऐकलेली माहिती इतरांना सांगू नये.’

आपली विश्वासू,
एक वाचक, नागपूर