धर्म गेला म्हणजे नक्की काय गेलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमधून धर्मावरून जी जुंपलीय ती रोज वाचतोय. एक पार्टी म्हणते युरोपने धर्म सोडला म्हणून तो पुढे गेला, दुसरी म्हणते धर्म सोडला म्हणूनच तिकडे म्हातारी माणसं एकटी पडली. भांडण जोरात आहे पण तिकडे धर्म गेलाय हे दोघांनीही धरूनच चाललंय, आणि मला तिथेच गडबड वाटते.

माझा भाचा नोकरीसाठी जर्मनीला गेला. तिथे राहायला गेलं की सरकारी ऑफिसात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्या फॉर्मवर चक्क धर्माचा रकाना. त्याचा मला लगेच मेसेज, मामा सेक्युलर देशात हे कशाला विचारतात? तर कारण साधं आहे, तिथे तुम्ही चर्चचे मेंबर असलात तर सरकारच तुमच्याकडून चर्च टॅक्स वसूल करून देतं, राज्याप्रमाणे 8 नाहीतर 9 टक्के (इन्कम टॅक्सच्या हां, पगाराच्या नाही). आणि नको असेल तर मनातल्या मनात नास्तिक होऊन भागत नाही, कोर्टात किंवा सरकारी कचेरीत जाऊन चर्च सोडल्याचं रीतसर सांगावं लागतं. 2022 साली एकट्या कॅथलिक चर्चमधून 5 लाखांवर लोक असे बाहेर पडले. भाच्याने हिंदू लिहिलं, काही कापलं गेलं नाही, विषय संपला. पण त्याच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस, जो टॅक्सला वैतागून बाहेर पडलेला, तो ख्रिसमसच्या आदल्या रात्री दरवर्षी चर्चमध्ये हजर. का जातोस विचारलं तर म्हणे आई एकटी कशी जाईल. आता ह्याला कुठल्या खात्यात टाकायचं?

फ्रान्सचं नाव तर प्रत्येक पत्रात येतं. 1905 च्या कायद्याने तिथे सरकार आणि चर्च वेगळे झाले, 2004 पासून सरकारी शाळेत ठळक दिसणारी धर्मचिन्हं घालून जाता येत नाही, सगळं खरं. पण पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल (तिथलं मोठं चर्च) आजही सरकारच्या मालकीचं आहे. आणि अल्सास भागात 1905 चा कायदा लागूच नाही, कारण तेव्हा तो भाग जर्मनीकडे होता, त्यामुळे तिथल्या पाद्र्यांना आजही सरकारी पगार मिळतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाच खरं वाटेना.

इंग्लंड-अमेरिकेत तर सगळं उलटंच. इंग्लंडचा राजा चर्चचा प्रमुख, संसदेच्या वरच्या सभागृहात 26 बिशप, आणि 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स मिळून स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे निम्म्याहून कमी. अमेरिकेत घटनेनेच सरकारी धर्म ठरवायला मनाई केलीय पण राष्ट्राध्यक्षाचं भाषण देवाचं नाव घेतल्याशिवाय सहसा संपत नाही. म्हणजे कायदा सेक्युलर असणं आणि माणसं सेक्युलर असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची भेळ करून भांडतोय.

मला वाटतं खरा फरक देव मानतात की नाही ह्यात नाहीच. एका समाजात धर्म म्हणजे माणसाचं मत, ते बदललं तर फार तर फॉर्म भरायचा. दुसऱ्या समाजात धर्म म्हणजे नातं, नाव, लग्न, मयताला खांदा द्यायला येणारी चार माणसं. पहिल्यातला माणूस सहज देवाची चेष्टा करतो आणि ह्यात रागावण्यासारखं काय हेच त्याला कळत नाही, दुसऱ्याला ती आईला दिलेली शिवी वाटते. दोघं मुद्दाम वागत नाहीत (काही महाभाग मुद्दामही करतात, ते सोडा). आणि एकाचा कायदा उचलून दुसऱ्यावर बसवला की काय होतं ते तुर्कस्तानात दिसलं, 1999 साली निवडून आलेल्या मेर्वे कावाक्ची हेडस्कार्फ घालून संसदेत आल्या तर त्यांना शपथच घेऊ दिली नाही. मतं देणाऱ्यांना त्या स्कार्फचं काही वाटलं नव्हतं. उलट आयर्लंडमध्ये 1995 पर्यंत घटस्फोटाला घटनेतच बंदी होती, ती लोकांनीच मत देऊन काढली, तीही अगदी काठावर, मग 2018 ला ईशनिंदेचा गुन्हाही तसाच मतदानाने काढला. वेळ लागला पण वरून कोणी लादलं नाही, मला ही पद्धत जास्त पटते.

भाच्याला तिकडे कामावर आजवर कोणी देव मानतोस का म्हणून विचारलेलं नाही, पगार किती विचारण्याइतकंच ते आगाऊपणाचं धरतात. घरी फोन केला की आमच्याकडच्या मंडळींचा मात्र पहिला प्रश्न, तिकडे जाऊन सगळं सोडलंस ना रे? परवा म्हणाला मामा, कधीकधी वाटतं ऑफिसातल्याही कोणीतरी विचारावं आणि तुम्ही लोकांनी जरा थांबावं.

आपला,
एक नियमित वाचक