पुणे–नागपूर विमानप्रवास: वेळ धरताना

सभासदांनो, पुणे–नागपूर हवाई अंतर साधारण ६०० किमी, रस्त्याने ७०० च्या पुढे. तिकिटावर दीडेक तास दिसतो, पण विमान हवेत तास-सव्वा तासच असतं. बाकीची मिनिटं धावपट्टीपर्यंत सरकण्यात आणि उतरल्यावर थांब्याला लागण्यात जातात. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे, लढाऊ विमानांचा सराव चालू असला की खोळंबा होतो. म्हणून नागपूरहून पुढची गाडी किमान तीन तासांच्या फरकाने धरा.

बॅगा घेणारं काउंटर बहुधा ६० मिनिटं आधी बंद होतं, मग कितीही विनवा. आणि पॉवर बँक कृपया हातातल्या पिशवीतच ठेवा! मोठ्या बॅगेत सापडली तर ती उघडायला परत बोलावतात.