साखरप्याच्या मिस्त्रींना

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण मागच्या डाव्या चाकाचा जळका वास घेऊन आंबा घाट उतरलेली कोल्हापूरची बाई आणि मागच्या सीटवर घाबरलेले तिचे वडील, एवढं सांगितलं तरी तुम्ही ओळखाल.

उतारावर हँडब्रेक धरत नाही, ही तक्रार घेऊन मी ज्या वर्कशॉपात जायचे तिथे काचेची केबिन होती, कॉफीचं मशीन होतं. दर वेळी केबल आवळायची, बिलात ‘ब्रेक क्लीनिंग’ लावायचं आणि समजावून सांगायचं माझ्या नवऱ्याला. गाडी मी चालवते. नवऱ्याकडे लायसन्सही नाही! मला एवढंच, ‘‘मॅडम, जोर सगळा पुढच्या ब्रेकवर असतो, मागच्याचं एवढं टेन्शन घेऊ नका.’’ अहो, पण हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो ना?

तुम्ही चाकामागचा ब्रेकचा ड्रम उतरवलात आणि आधी मला आत बघायला लावलंत. हँडब्रेकची लिव्हर गंजून अडकलेली, त्यात केबल ताणून ताणून, ड्रमला आतून धरणाऱ्या ब्रेक शूंना मागे यायला जागाच उरलेली नाही. घासून ड्रम तापला, शूंना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर गेलं आणि ब्रेक ऑइल शूंवरच्या लायनरवर उतरलं. ऑइल प्यायलेला लायनर धरणार काय, कपाळ! लायनर दोन्हीकडचे बदलावे लागतील, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढेल, हे तुम्ही कामाला हात घालण्याआधी सांगितलंत, किमतीसकट. सिलिंडर आणायला पोराला देवरुखला पिटाळलंत. डावीकडचं जोडून होईपर्यंत उजवा ड्रम उघडला नाहीत, कुठली स्प्रिंग कुठे बसते ते बघायला दुसरी बाजू शाबूत हवी म्हणून. काळी धूळसुद्धा हवेनं न उडवता ओल्या फडक्यानं पुसलीत.

पण मला आठवत राहतं ते वेगळंच. सगळं बसवून, ब्रेक ऑइलमधली हवा काढून झाल्यावर तुम्ही हाक मारलीत, ‘‘ताई, इकडे या. चाक फिरवा.’’ मी फिरवलं, ते मोकळं फिरलं. तुम्ही अ‍ॅडजस्टरचे दोन-चार दात सरकवून शू ड्रमच्या जवळ आणलेत. ‘‘आता?’’ आता आतून बारीक खस्स असा आवाज आला, पण चाक अडलं नाही. ‘‘एवढंच हवं. याहून घट्ट कुणी केलं तर त्याला विचारा का म्हणून.’’ माझ्या तळहाताला ग्रीस लागलं, तर तुम्ही स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल पुढे केलात.

इतकी वर्षं गाडी चालवतेय, पण माझ्या गाडीच्या ब्रेकबद्दल माझ्याशी नीट बोललेले तुम्ही पहिलेच. समोरच्याला कळेल असं धरून चालायचं आणि कळेपर्यंत दाखवायचं, याला ना कॉफीचं मशीन लागतं ना गळ्यात टाय. माणुसकी म्हणतात ती हीच असावी; शेडच्या पत्र्याखाली मिळते आणि एसीत मिळत नाही, याचं मात्र मला अजून नवल वाटतं. वडील तर येईल त्याला तुमच्याबद्दल सांगत सुटलेत.

हँडब्रेक आता पाच-सहा दातांत घट्ट धरतो. पाचशे किलोमीटरनंतर दाखवायला या म्हणाला होतात, तेवढे होत आले. गणपतीआधी रत्नागिरीला जाणं आहे, तेव्हा थांबते. त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत, या वेळी चालणार नाही.

तुमची,
डाव्या चाकवाली ताई

ता. क. त्या वर्कशॉपचा ‘आमच्या सेवेला किती गुण द्याल?’ असा मेसेज परवा पुन्हा आला.