दादा, सोसायटीची बँक बदलायची म्हणतोयस तर आधी हे वाच

मिसिसागा (कॅनडा), ऑक्टोबर अखेर

प्रिय दादा,

सा. न. आईला नमस्कार सांग, वहिनीला पण. रविवारी फोनवर तू विचारलंस की तुमच्याकडे बिल्डिंगचे पैसे कुठल्या बँकेत ठेवतात आणि ते ठरवतं कोण, आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं. तसंही ते पाच मिनिटांत सांगून होणारं नव्हतंच, म्हणून बसून लिहितेय. मोठं झालंय, चहा घेऊन बस.

आमची तुमच्यासारखी सोसायटी नाहीये, कॉर्पोरेशन आहे, म्हणजे महापालिका नव्हे, बिल्डिंगच्या सगळ्या फ्लॅटमालकांची मिळून कायद्याने झालेली संस्था. आमच्या ऑन्टारिओ प्रांताचा १९९८ चा कॉन्डोमिनियम अ‍ॅक्ट आहे त्याखाली, अशा बिल्डिंगला इथे कॉन्डो म्हणतात. पुण्याला मावशीकडे अपार्टमेंट कंडोमिनियम आहे ना, १९७० च्या कायद्यातली, त्याच्या जवळ जाणारा प्रकार. शेअर सर्टिफिकेट वगैरे काही नाही, फ्लॅट तुझा आणि लिफ्ट, गच्ची, बॉयलर, खालचं पार्किंग ह्यात तुझा टक्केवारीत हिस्सा, तो टक्का डिक्लरेशनमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या मूळ दस्तात, छापलेला असतो आणि त्याच हिशोबाने महिन्याची फी. बोर्ड म्हणजे तुमची कमिटी, त्यावर आम्ही निवडून आलेले मालकच. कॉन्डोमिनियम अथॉरिटी म्हणून इथे कॉन्डोंसाठीची संस्था आहे, तिचं एक ऑनलाईन ट्रेनिंग असतं ते सहा महिन्यांत केलं नाही तर पद आपोआप जातं, हे मला फार आवडलं, आपल्याकडे जोशीकाकांना करायला लावायला पाहिजे होतं. रोजचं काम मॅनेजमेंट कंपनीचा मॅनेजर बघतो, त्याला लायसन्स लागतं. मी खजिनदार, म्हणजे सह्या माझ्या आणि शिव्या पण मलाच.

आता बँक. इथे कायदाच सांगतो की रोजच्या खर्चाचं खातं वेगळं आणि रिझर्व्ह फंडाचं, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या पैशाचं, खातं वेगळं, दोन्ही कॉर्पोरेशनच्याच नावावर, मॅनेजमेंट कंपनीच्या नावावर अजिबात नाही. ह्यावर मी जास्त जोर देतेय कारण २०११ च्या सुमाराला टोरोंटोत एक प्रकरण गाजलं होतं, मॅनेजमेंट कंपनी चालवणाऱ्याने खोटे कागद करून बिल्डिंगांच्या नावावर कर्जं काढली आणि राहणाऱ्यांना पत्ताच नाही. तेव्हापासून शहाणी बोर्डं स्टेटमेंट मॅनेजरकडून घेत नाहीत, बँकेच्या साईटवर स्वतः बघतात. आम्ही बँका बघायला निघालो तेव्हा माझा पहिला प्रश्न व्याज किती हा नव्हताच, बोर्डातल्या सगळ्यांना फक्त बघता येईल असा लॉगिन देता का हा होता. दुसरा, ऑनलाईन पैसे पाठवताना पण दोन माणसांची मंजुरी लागेल अशी सोय आहे का, कारण चेकवर दोन सह्या आणि नेटवर एकाच माणसाने बटण दाबलं की पैसे गेले, हे असलं बऱ्याच ठिकाणी असतं रे. तुमच्याकडे पण बघ एकदा, चेअरमन आणि सेक्रेटरीची सही चेकवर आहे, पण नेट बँकिंगचा पासवर्ड कोणाकडे आहे?

आम्हाला बदलायचं का होतं ते सांगते. जुनी बँक, नाव नाही लिहीत, चांगली मोठी आहे. पण दरवर्षी एजीएम झाली की सह्या करणारे बदलतात, आणि ते बदलायला त्यांना मिनिट्स द्या, ठराव द्या, दोघांना शाखेत पाठवा, मग शाखेतली बाई रजेवर, मग नवीन फॉर्म. एक डायरेक्टर कॅल्गरीला राहायला गेला तरी त्याचंच नाव खात्यावर कित्येक महिने, दर वेळी लिफ्टवाल्याचं बिल अडलं की त्याला फोन. शिवाय प्रत्येक चेक जमा करायला चार्ज, कोणाच्या खात्यात पैसे नाहीत म्हणून फी परत आली तर चार्ज, ऑटो-डेबिटची फाईल पाठवायला चार्ज. मग आम्ही तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली, दोन बँका आणि एक क्रेडिट युनियन, म्हणजे आपल्या पतपेढीचा मोठा भाऊ समज. शेवटी जिच्याकडे फक्त कॉन्डोचं काम करणारी वेगळी टीम होती तिला दिलं. व्याज तिचं सगळ्यात जास्त नव्हतं. बोर्डात ह्यावरून थोडी खडाजंगी झाली, एक गृहस्थ पाव टक्क्यासाठी अडून बसले होते. मी कागदावर आकडे मांडून दाखवलं की रोजच्या खात्यात महिन्याच्या सुरुवातीला पैसे येतात आणि पंधरवड्यात बिलांमध्ये निघून जातात, तिथे पाव टक्का म्हणजे एका नळवाल्याच्या व्हिजिटचे पण पैसे नाहीत, चार्जेसमध्ये त्याच्या कितीतरी पट वाचतात.

रिझर्व्ह फंडाचं मात्र वेगळं. तुमचा सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या ०.२५ टक्के, ठरलेला. इथे दर तीन वर्षांनी इंजिनिअर अभ्यास करतो, पुढच्या किमान तीस वर्षांत छत कधी, बॉयलर कधी, लिफ्ट कधी आणि त्याला किती लागेल, आणि त्यावरून दरवर्षी किती बाजूला टाकायचं ते ठरतं. त्या पैशाला रोजच्या खर्चासाठी हात लावता येत नाही. आणि तो गुंतवायचा तर आधी बोर्डाने लेखी गुंतवणूक योजना करायची, आणि कुठे गुंतवायचा त्याला पण कुंपण आहे, केंद्राचे किंवा प्रांतांचे बाँड नाहीतर विमा असलेल्या बँकांच्या ठेवी. शेअरबाजार नाही म्हणजे नाही. आम्ही जीआयसी म्हणजे आपल्या एफडीच, त्या अशा लावल्यात की ज्या वर्षी छताचं काम आहे त्याच्या थोडं आधी एक पिकेल, लिफ्टच्या आधी दुसरी. हे करताना बँकेच्या विम्याची मर्यादा बघावी लागते, इथे एका बँकेत १ लाख डॉलरपर्यंत सरकारी विमा, ऑन्टारिओच्या क्रेडिट युनियनमध्ये अडीच लाखापर्यंत. म्हणून सगळी रक्कम एकाच ठिकाणी नाही, वेगवेगळ्या बँकांत वाटून.

आणि दादा, इथेच मला तुमची काळजी वाटते. आपल्याकडे हा विमा ५ लाखांचा, तो पण फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १ लाखच होता. तुमच्या सोसायटीचे सगळे पैसे एका सहकारी बँकेत, आणि का, तर अर्धा टक्का जास्त मिळतो आणि मॅनेजर गणपतीला पावती फाडतो. २०१९ ला मुंबईत एका सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले तेव्हा कितीतरी सोसायट्यांचे फंड अडकले होते, वॉचमनचा पगार द्यायला लोकांनी वर्गणी काढली म्हणतात. ५ लाखाच्या वर जे काही आहे त्याचं काय, हे सभेत विचारच. सोसायटीने कुठे पैसे ठेवायचे ह्याला सहकार कायद्यात कलम ७० आहे, त्यात बसेल अशा बँकांची यादी तुमच्या ऑडिटरकडून लेखी घे, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको.

बँक बदलताना खरा त्रास लोकांचा होतो. आमच्याकडे बहुतेकांची फी एक तारखेला खात्यातून आपोआप कापली जाते, तर प्रत्येकाकडून नवीन फॉर्म आणि कॅन्सल केलेला चेक. काही आजी-आजोबा अजून बारा पोस्टडेटेड चेक देतात, त्यांना नवीन चेक कशाला ते समजावायला मी लॉबीत टेबल टाकून बसले होते संध्याकाळी. गुजराती, पोलिश, फिलिपिनो, चिनी, सगळे येऊन पहिला प्रश्न एकच, फी वाढणार का? जुनं खातं आम्ही लगेच बंद केलं नाही, गॅसचं आणि लाईटचं बिल त्यातून कापलं जात होतं, ते एकेक करून हलवलं. हे तू पण लक्षात ठेव, लिफ्टचा एएमसी आणि पाणीपट्टी कुठून जाते ते आधी लिहून काढ.

थकबाकीचं ऐक, हे तुला फार आवडेल. तुम्ही २१ टक्के व्याज लावता, नोटिसा काढता, मग उपनिबंधकाकडे वसुलीच्या दाखल्यासाठी चकरा. इथे फी थकली की कायद्याने आपोआप त्या फ्लॅटवर बोजा येतो, पण तो तीन महिन्यांत रजिस्टर केला नाही तर सुटतो, आणि रजिस्टर करायच्या किमान दहा दिवस आधी मालकाला नोटीस. एकदा रजिस्टर झाला की तो गृहकर्जाच्या बँकेच्याही आधी लागतो! त्यामुळे बऱ्याचदा कर्जाची बँकच थकबाकी भरून टाकते आणि मालकाच्या नावावर चढवते. सगळं त्या तीन महिन्यांवर अवलंबून, म्हणून बँकेकडून कोणाचं डेबिट परत आलं त्याची यादी त्याच आठवड्यात हातात पडणं महत्त्वाचं, आणि जुनी बँक नेमकं तेच उशिरा देत होती.

बाकी भांडणं सगळीकडची तीच. सध्या गरम-गार चालू आहे. आमच्या बिल्डिंगला एकाच पाईपमधून उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम पाणी फिरतं, त्यामुळे एसी बंद करून हीटिंग चालू करायचा दिवस सगळ्यांना एकच. दक्षिणेकडच्या काचांवर ऊन येतं ते म्हणतात आत्ता नको, उत्तरेकडचे स्वेटर घालून बसलेत आणि ईमेल करतायत. कोणालाच खूष करता येत नाही, मी प्रयत्न सोडला. आवाज, सिगरेटचा धूर, कुत्री, पार्किंग असल्यांसाठी ऑनलाईन ट्रायब्यूनल आहे, अर्ज करायला २५ डॉलर, मध्यस्थीला ५०, आणि निकालापर्यंत गेलं तर अजून १२५. कोर्टात न जाता मिटतं.

पाणी गळतीचं मात्र त्यात बसत नाही. गेल्या हिवाळ्यात वरच्या एका फ्लॅटमधल्या वॉशिंग मशीनचा रबरी पाईप फुटला, घरी कोणी नव्हतं, खालच्या तीन मजल्यांच्या भिंती फुगून आल्या. बिल्डिंगचा विमा आहे पण पहिला मोठा हिस्सा, डिडक्टिबल म्हणतात तो, कॉर्पोरेशनने सोसायचा. कायद्याने त्या मालकाच्या स्वतःच्या फ्लॅटच्या नुकसानाचे पैसे त्याच्यावर टाकता येतात, खालच्या घरांचे टाकायचे तर आमच्या कागदांत तशी तरतूद असायला हवी, आणि ती नव्हती. म्हणजे सगळ्यांच्या खिशातून. आता सगळ्यांना स्टीलची जाळी असलेले पाईप लावायला सांगितलेत, आणि प्रत्येकाने स्वतःच्या फ्लॅटचा विमा पण काढा म्हणून मागे लागलोय.

पुढचं मोठं काम तळघरातल्या पार्किंगचं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात बर्फासाठी, ते गाड्यांच्या चाकांना लागून आत येतं, पाणी ठिबकतं, स्लॅबमध्ये मुरतं आणि आतल्या सळ्या गंजतात. खांबाच्या पायथ्याशी पांढरी मिठाची रेघ दिसते आणि टोचलं तर काँक्रीटचा पापुद्रा हातात येतो. रिझर्व्हमध्ये सगळं बसलं नाही तर एकतर मालकांवर एकदम जादा आकारणी, नाहीतर बँकेचं कर्ज, आणि कर्जाला मालकांचं मतदान घेऊन बायलॉ, म्हणजे उपविधी, करावा लागतो. माझं मत कर्जाच्या बाजूने आहे, निवृत्त लोकांना एकदम मोठी रक्कम कुठून आणायची, पण तरुण मंडळी व्याज बघून नको म्हणतायत. बघू.

तू आता एक कर, सध्याच्या सगळ्या एफडींची यादी, रक्कम आणि मुदत कधी संपते ते, व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. मुदतीआधी मोडू नका, जशा पिकतील तशा हलवा. शनिवारी तुझ्या सकाळी फोन करते, यादी समोर असली की बोलता येईल. वहिनीला सांग मेतकूट पोचलं, पुडी फुटली नव्हती.

तुझी,
सुमी