सकाळी पाय बघितलास का?

केरी, सत्तरी
१४ ऑक्टोबर

चि. बाय हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या तांबू घोड्याबद्दल नाही. रविवारी तुझ्या विद्यार्थ्यांसमोर मी जो आरडाओरडा केला, त्याबद्दल आहे. "बाबा, तुम्ही आता घरी जा," असं तू म्हणालीस ते बरोबरच होतं. शिकवणाऱ्या बाईला तिच्या बापाने कुंपणावरून "उतर खाली" म्हणून ओरडणं शोभत नाही. म्हापशाहून साखळीपर्यंत कदंबा बसमध्ये उभाच होतो. अस्नोड्याला जागा रिकामी झाली तरी बसलो नाही. घरी आल्यावर आईने विचारलं, लोणचं दिलंत का? बिंबलांची बरणी माझ्याच पिशवीत होती.

तर माफ कर. एवढंच लिहून पाकीट बंद करायचं ठरवलं होतं. पण सोमवारी सकाळी तांबूच्या पायांना हात लावून बघितलंस का?

मी कशासाठी ओरडलो ते तुला वाटतं तसं नव्हतं. तू पडशील म्हणून नव्हे. (तेही होतंच. आईला सांगू नकोस.) उडी झाल्यावर उजवीकडे वळायचं होतं, तरी तांबू उतरताना दर वेळी डावा पाय पुढे टाकून निघाला. चार उड्या, चारही वेळा. मार्चमध्ये तुझ्या त्या लहान शोला तो दोन्ही बाजूंना सारखा उतरत होता, मी मोजलं होतं. चौथ्या उडीला पुढच्या खुराने दांडा पाडला आणि तू त्याला चुचकारलंस, "आळशी झालास रे." बाय, तो आळशी नाही. शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा आळस शिकतच नाही, हीच तर पंचाईत आहे. तू सांगशील तेवढं तो करणार. दुखलं तरी करणार, आणि त्या वेळी कान पुढे ठेवून करणार.

सतराव्या वर्षी घोडा माणसाच्या हिशेबाने पन्नाशी ओलांडतो. तू त्या नामांकित उड्यांच्या घोड्याचं, शटरफ्लायचं नाव काढलंस, तो अठराव्या वर्षापर्यंत उड्या मारत होता म्हणून. खरं आहे. २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला फवाद मिर्झा ज्या मेडिकॉट घोड्यावर बसला होता तोही पंधरा वर्षांचा होता. मी टीव्हीसमोर बसलो होतो, हातातला चहा तसाच गार झाला. पण त्यांच्यामागे डॉक्टर, मालिशवाले, दर दिवशी झाडलेली आणि भिजवलेली वाळू असते. तुझ्यामागे कोण? एक मोतद्दार, तोही दुपारी दुसरीकडे कामाला जातो, आणि ऑक्टोबरमधली आपली जांभ्याची जमीन. पाऊस सरला की पंधरा दिवसांत ती तव्यासारखी होते. वर चार बोटं वाळू पसरली म्हणून खालचा तवा मऊ होत नाही.

घोड्याला पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली मांस नसतं, हे तुला मीच शिकवलंय. तिथे हाड आणि टेंडन, म्हणजे मांस हाडाला बांधणारा दोर, बस्स. उडीवरून खाली येताना सगळा भार आधी एकाच पुढच्या पायावर पडतो. टेंडनला रक्त कमी पोचतं, म्हणून ते फाटलं की जुळायला महिने लागतात, आणि जुळतं ते व्रणाने. पहिल्यासारखं ताणत नाही. तांबूने तर पाच वर्षांचा होईपर्यंत पुण्या-मुंबईच्या ट्रॅकवर पाय झिजवलेत.

झालं, शिकवणी सुरू झाली. आई म्हणते, तुम्ही पोरीला पत्र लिहिता की पलटणीत हजेरी घेता? माफ कर.

पण चांदणीची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली आहे. ती उतरताना मोडली, एवढं तुला माहीत आहे. त्या दिवशी सकाळी काय झालं ते मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. घोडी सोळा वर्षांची, आणि साहेबांना तिच्यावर एक शेवटचा शो करायचा होता. मी नाल तपासत होतो. डाव्या पुढच्या पायाला मागून तळहात फिरवला तर ऊब लागली. चहाचा पेला उचलल्यावर खालची जागा जशी कोमट राहते, तेवढीच. सूज नव्हती. लंगडत नव्हती. मी नालबंद माणूस, साहेबांना काय सांगणार, "हाताला लागलं" म्हणून? गप्प बसलो. सहाव्या अडथळ्याला ती उतरली आणि तीन पायांवर उभी राहिली. मी धावत गेलो, तर तिने माझ्या खिशात तोंड घातलं. गूळ शोधत होती.

म्हणून विचारतो, सकाळी हात लावतेस का. उडवलंस त्या संध्याकाळी नव्हे, दुसऱ्या दिवशी, त्याला बाहेर काढायच्या आधी. दोन्ही पाय एकाच वेळी, एक हात इकडे, एक तिकडे. खुराच्या वर मागच्या बाजूला बोट धरून नाडी बघ. निरोगी पायात ती शोधावी लागते. ठणठणीत लागली तर खुरात काहीतरी शिजतंय. मग सरळ रेषेत ट्रॉट करव, दुडक्या चालीने, आणि मान बघ. दुखऱ्या पुढच्या पायावर भार येतो तेव्हा मान वर जाते.

उड्या बंद कर असं मी म्हणत नाही. तसं तू ऐकलंस, पण मी म्हटलं नव्हतं. सतरा वर्षांचा घोडा नुसता बांधून ठेवला तर महिन्यात लाकूड होतो. आठवड्यातून एकदा उडव. ७०-८० सेंटीमीटर, आठ-दहा उड्या, आणि चांगली एक उडी मारली की तिथेच उतर. उरलेले दिवस जमिनीवरचे दांडे, चढावर चाल, आणि कामाच्या आधी वीस मिनिटं नुसता कदम, संथ चाल. पोरांना बघायला ८० सेंटीमीटरही पुरे. हरमलच्या किनाऱ्यावर नेतेस तेव्हा कोरड्या भुसभुशीत वाळूत पळवू नकोस, टेंडन तिथेच ओढलं जातं.

१ मीटर १० ची उडी मात्र नको. आणि पुण्याचा डिसेंबरचा शो तर मुळीच नको. साडेचारशे किलोमीटर, घाटाच्या प्रत्येक वळणावर तो चारही पाय रोवून उभा राहणार, पाणी कमी पिणार, आणि दुसऱ्या दिवशी तू त्याच्याकडून उंची मागणार. त्यातून कोणी "ब्यूट दे, सरळ चालेल" म्हणेल, ते दुखणं मारायचं औषध. चालेल. दुखणं कुठे आहे ते फक्त कोणालाच कळणार नाही, त्यालासुद्धा.

तुझ्या मोबाईलवर यंदाच्या शिमग्याचा व्हिडिओ आहे. पोरं म्हणाली, काका, घरोघरी फिरू नका, कमरेला घोडा बांधून घोडेमोडणी गावच्या मांडावरच नाचा. चार दिवस मी कोणाशी बोललो नव्हतो, आठवतं? तो व्हिडिओ परत बघ. कमरेचा घोडा डावीकडे किती कमी झुकतो ते बघ. मी गुडघा वाचवत होतो. नाचताना मला वाटत होतं की मी पूर्वीसारखाच नाचतोय.

तुझा हात हलका आहे. हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही. सगळ्या नोकरीत असे हात मी तीन-चारच बघितले, आणि ते सगळे अधिकाऱ्यांचे होते. मालकांनी तांबू तुझ्या नावावर केला त्या रात्री मी कुळागरात जाऊन एकटाच बसलो होतो, आई शोधत आली. त्यामुळे रविवारी ओरडताना माझ्या पोटात काय चाललं होतं ते... असो.

डॉक्टरांना एकदा बोलाव. पाय मिनिटभर दुमडून धरून मग ट्रॉट करवतात, ती तपासणी करून घे. पैसे दादा देईल, मी त्याच्याशी बोललोय. तू बोलू नकोस, त्याला आधीच टेकीला आलंय.

नालांना सहा आठवडे होतील या गुरुवारी. पहिल्या बसने येतो. कानस आणि हातोडी माझी आणतो, तुमच्याकडची कानस बोथट आहे. काम करीन आणि जाईन. कुंपणापाशी उभा राहणार नाही. लोणचंही आणतो.

तोवर सकाळी पायांना हात लावलास का, ते आईला फोन करून सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल. मी शेजारीच असतो.

तुझे
बाबा