वसतिगृहातील मतदार कोणत्या यादीत?

महोदय,

निवडणूक जवळ आली की विद्यापीठांत मतदान जागृतीच्या फेऱ्या निघतात आणि प्रतिज्ञा घेतल्या जातात. परंतु वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव नेमके कोणत्या मतदारयादीत आहे, हा मूळ प्रश्न क्वचितच विचारला जातो. मतदानाचे वय २१ वरून १८ वर येऊन १९८९ पासून इतकी वर्षे लोटली, तरी नाव गावी आणि शिक्षण परगावी या कात्रीत हा वर्ग अडकलेलाच आहे.

वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदवण्याची मुभा आहे, मात्र त्यासाठी संस्थेचे प्रमाणपत्र लागते. नव्या नोंदणीसाठी नमुना ६, तर पत्ता बदलल्यास नमुना ८ भरावा लागतो. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही. हे प्रमाणपत्र हेलपाटे न घालता मिळेल एवढे जरी विद्यापीठांनी पाहिले, तरी फेऱ्यांपेक्षा (त्यांची छायाचित्रे कितीही छान येवोत) अधिक काम होईल.

केवळ मतदार माहिती चिठ्ठी घेऊन केंद्रावर जाणे पुरेसे नाही, कारण ती ओळखीचा पुरावा मानली जात नाही. महाविद्यालयाचे ओळखपत्रही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतील ग्राह्य कागदपत्रांत नव्हते. म्हणून मतदार ओळखपत्र नसल्यास आधार, पॅन, वाहन परवाना किंवा पारपत्र यांपैकी एक मूळ कागद जवळ असावा. निवडणूक कामावर नेमलेल्या प्राध्यापकांनी व कर्मचाऱ्यांनी आपल्या टपाली मतपत्रिकेचा नमुना १२ प्रशिक्षणाच्या वेळीच भरून द्यावा.

– एक वाचक